राखून ठेवलेला श्वास



आपल्या धर्मग्रामातील काही तरुण प्रवासी जहाजांवर नोकरी करतात. त्यांतला एक नुकताच सुट्टीवर आला आणि आम्हा धर्मगुरूंना भेटून गेला. त्याचे जहाज मेक्सिकोतील कोझुमेल बेटाला लागते. तेथे तो रीतसर प्रशिक्षण घेऊन स्कूबा डायव्हिंग करतो, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्रात उतरतो.

कोझुमेलच्या समुद्राला ओढ फार. पाणबुड्या प्रवाहाबरोबर वाहत जातो, उतरला तेथे परत येत नाही. बोटच त्याच्या मागोमाग जाते. बेटाच्या दक्षिण टोकाला प्रवाळात एक भुयार आहे, नाव ‘सैतानाचा घसा’. ते सुमारे ४० मीटर खोलीवर बाहेर उघडते. हौशी पाणबुड्यांची मर्यादाही तेवढीच.

“फादर, तयारी सगळी बोटीवरच करायची,” तो म्हणाला. खाली बोलता येत नाही. ३० मीटरच्या पुढे नायट्रोजनमुळे दारू चढल्यासारखे होते, साधी बेरीजही चुकते. म्हणून हिशेब आधी मांडायचा. ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट, म्हणून हवाही पाचपट लागते. वर दोन तास पुरणारे सिलिंडर तेथे २४ मिनिटांत संपते. वर येताना घाई चालत नाही. मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे. शिवाय जोडीदाराची हवा संपली तर दोघांना एकाच सिलिंडरवर वर येता आले पाहिजे. एवढे धरले की जवळजवळ निम्मी हवा राखून ठेवावी लागते.

त्या दिवशी भुयाराबाहेर प्रवाह वाढला. जोडीदार घाबरला, भराभर श्वास घेऊ लागला आणि त्याच्या गेजचा काटा तळाला आला. आपल्या तरुणाने स्वतःची दुसरी नळी त्याच्या तोंडात दिली. एकमेकांना धरून दोघे सावकाश वर आले. त्यांनी सोडलेला नारिंगी फुगा पाहून बोट जवळ आली. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या कुमारिका तेल देत नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांना खटकते. पण ऐनवेळी तयारी उसनी मिळत नाही, हेच प्रभू येशू शिकवतो. या तरुणाच्या अनुभवातून आपल्याला त्याची दुसरी बाजू दिसते. ज्याने आधी राखून ठेवले, त्यालाच वेळेवर देता येते. संत थॉमस अक्वायनस दूरदृष्टीला विवेकाचाच भाग मानतात, ते यासाठीच.

आपण मात्र पगार शेवटच्या रुपयापर्यंत आणि दिवस शेवटच्या मिनिटापर्यंत खर्चून टाकतो. मग शेजारी आजारी पडला, म्हाताऱ्या आईला दोन शब्द बोलायचे असले, मुलगा रडत घरी आला, तर आपल्याकडे देण्यासारखे काही उरलेले नसते. मन वाईट नसते, सिलिंडर रिकामे असते.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी आपण एकमेकांना विचारू या: आपण दुसऱ्यासाठी काय राखून ठेवले आहे?

प्रभू आपल्याला तो विवेक देवो. आमेन.

– आपले धर्मगुरू