आईचा व्यवसाय

पहिलीत मुले दाखल होतात तेव्हा त्यांचे अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे असते. वडिलांचा व्यवसाय? शेती. आईचा? "काही नाही, घरीच असती." गेली वीस वर्षे मी हे उत्तर ऐकत आलो आणि त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'गृहिणी' असे लिहीत आलो. यंदा जूनमध्ये एका चिमुरडीने मला अडवले. ती म्हणाली, "गुरुजी, घरी तर आबा असत्यात. आई रानात असती." भोवतीची मंडळी हसली, मीही हसलो, पण रकान्यावर टेकलेली लेखणी काही पुढे सरकेना.

त्याला कारण होते. माणदेशातली आमची तीन एकर जमीन सातबाऱ्यावर माझ्या नावाने आहे. त्या कागदाच्या बळावर मी गावच्या सोसायटीचा सभासद आहे. पीककर्जाच्या कागदावर सही माझी, सभेत हात वर होतो तो माझा. शाळूची कोळपणी केव्हा घालावी, हे मात्र मला पत्नीला विचारावे लागते. बी तिने राखलेले, शेळ्या तिच्या, खुरपणीच्या बाया तिच्या शब्दावर येतात. रविवारी मी बांधावर जाऊन उभा राहतो आणि त्याला शेती म्हणतो. दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात उभे करतो. मग मला कोणी उभे करावे?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा राजीखुशीने बायकोच्या नावावर करावा, आणि तो दान म्हणून नव्हे तर घरच्या लक्ष्मीचे थकलेले ऋण म्हणून, असा तिचा भाव होता. पुढे १९९२ साली सरकारनेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय करून दिली. सोय झाली खरी. पण ती नवऱ्याच्या अर्जावर अवलंबून! ऋण फेडावे की नाही, हे ऋणकोनेच ठरवायचे, अशी ही गोड व्यवस्था आहे.

आजकाल 'सक्षमीकरण' हा शब्द फार ऐकू येतो. जणू आमच्या बाया अक्षम होत्या आणि कोणी येऊन त्यांत सामर्थ्य भरणार आहे! आमच्या तालुक्यातल्याच म्हसवडची हकीगत सांगतो. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या बायांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. सभासद बायांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बाया घरी येऊन रडत बसल्या नाहीत. अक्षरे गिरवली आणि पुन्हा साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही व्याज तोंडी सांगतो, तुमच्या लोकांनी यंत्राशिवाय सांगून दाखवावे, असे त्यांनी सुनावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता, नव्हता तो कागदावर नाव लावण्याचा हक्क.

या प्रश्नावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत नेहमी एक युक्तिवाद होतो, आणि तो सद्भावनेने होतो. बाई कर्ज बुडवत नाही, बाई पैसा पोरांच्या शिक्षणाला लावते, म्हणून तिला द्यावे. पूर्वी मीही मान डोलवीत असे. आता वाटते, हा व्यापाऱ्याचा हिशेब झाला. वडील वारले तेव्हा वारसनोंदीत माझे नाव लागले. त्या वेळी कोणी विचारले नाही, की मास्तर, या जमिनीचे तुम्ही काय भले करणार? मला ती लायकीवाचून मिळाली. मग तिनेच तेवढी लायकी का सिद्ध करावी? उद्या तिने शेळीच्या पैशातून पोरांची वह्यापुस्तके न आणता स्वतःसाठी पाटल्या केल्या, तर तो पैसा तिचा राहत नाही काय?

हे सारे विचार मोठे उदात्त आहेत, असे मला वाटू लागले होते. भाद्रपदात एका संध्याकाळी मी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. पत्नी बचत गटाची वही मांडून बसली होती. गटातल्या एकीने शिलाई यंत्रासाठी कर्ज काढले. ते नवऱ्याने भलतीकडे उडवले आणि आता हप्ता बाकीच्या नऊजणी भरत होत्या. त्यावरून सभेत बरेच बोलणे झाले होते. तो दोष कोणाचा, तिचा की तिच्या नवऱ्याचा, आणि भुर्दंड नऊजणींनी का सोसावा, हे काही मला सोडवता आले नाही. बायांनी मात्र तिला गटात ठेवले.

मी अर्ज पुढे केला. तिने तो सावकाश वाचला. मला वाटले, डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "सोसायटीचं कर्ज पण अर्धं माझ्या नावावर येईल न्हवं?"

"येईल बहुधा."

"येऊ दे. फेडतेय तर मीच." मग तिने अर्जाची घडी घातली. "पण अहो, वन्संचं काय?"

मी गप्प झालो. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सबंध देशात २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, हे मी शाळेत शिकवतो. वडील गेले त्या वर्षी माझ्या दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. त्यांना वाचायला कागद दिला होता का, ते आठवत नाही. त्या भाऊबीजेला मी दोघींना भारी साड्या घेतल्या आणि गावभर माझे कौतुक झाले.

"माझं नाव लावा," ती वही मिटत म्हणाली, "पण आधी त्यांना विचारा. भाऊबीजेला येणारच हायत."

अर्ज देव्हाऱ्याच्या फळीवर तसाच ठेवला आहे. दोघींची पत्रे आली आहेत. धाकटी पाडव्यालाच पोहोचते आहे.