भागिले चोवीस

मोटारींचे प्रमाणबद्ध नमुने जोडायचे आणि रंगवायचे, हा छंद बहुतेकांच्या घरात खोक्यातून येतो. खोक्यावर झकास चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले सुटे भाग, कशाला काय जोडायचं ते सांगणारा कागद. भाग कापा, घासा, रंगवा, चिकटवा. अशा खोक्यांतून फेरारी मिळते, पोर्श मिळते, दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा तर हवा तो मिळतो. उमरी–नांदेड एसटी अजून कुणी खोक्यात घातलेली नाही. त्यामुळे आमचं काम टेप घेऊन बसस्टँडवर सुरू होतं.

"काय मोजायलात गुरुजी? गाडी इकत घेता का काय?" एका चालकानं विचारलं. खरं कारण सांगितल्यावर त्याला ते विकत घेण्यापेक्षाही चमत्कारिक वाटलं असावं. पण टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. आणि बोनटवरची, म्हणजे त्याच्या शेजारच्या बाकासारख्या उंचवट्याची मापं घ्यायला मी विसरू नये, असंही बजावलं. "तिथंच समदी माणसं बसत्यात," म्हणाला.

जपानमधल्या शिझुओका शहरात टामिया ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी आहे. १९७६ साली त्यांनी पोर्श ९३४ चा १:१२ प्रमाणातला नमुना काढला. त्याच्या तयारीसाठी शुनसाकु टामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सगळी सुटी करून मापं घेतली. पुन्हा जोडायला मात्र पोर्शचा जाणकार बोलवावा लागला. महामंडळ काही आपल्याला बस सुटी करू देणार नाही. आपल्याला पुढच्या फेरीची वेळ होईपर्यंत जेवढं मोजता येईल तेवढं मोजायचं, उरलेलं फोटोवरून काढायचं.

टामियाचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. रणगाड्यांच्या नमुन्यांत १:३५ हे विचित्र प्रमाण जगभर रूढ आहे. ते कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही. त्यांच्या पहिल्या पँथर रणगाड्यात मोटार आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावल्या तेव्हा जे प्रमाण निघालं तेच पुढे चाललं. माझ्या एसटीचं प्रमाणही असंच ठरलं. बाजारात मुलांच्या ट्रकची चाकं मिळाली ती बेचाळीस मिलिमीटरची. एसटीचा टायर धरा मीटरभर उंच. भागाकार केला, चोवीस आले. मग बाकी सगळ्याला चोवीसनं भागायचं. साधारण अकरा मीटरची बस सेहेचाळीस सेंटिमीटरला आली, म्हणजे कपाटाच्या फळीवर जेमतेम मावेल एवढी.

आमच्या लहानपणी चाक आधी आणि गाडी नंतर हाच नियम होता. ज्वारीच्या धांड्याचं साल सोलायचं, आतला पांढरा भेंड कापायचा, बाभळीच्या काट्यांनी सांधायचा, की बैलगाडी तयार. जू, दांडी, आख सगळं जागच्या जागी. चाकं जुन्या चपलेच्या रबराची. त्यात प्रमाण नव्हतं, पण कुठला भाग कुठल्या भागावर पेलला आहे हे बारक्या पोरालाही ठाऊक होतं, कारण ती गाडी दारात उभी असायची. एसटीत आपण वर्षानुवर्षं बसतो आणि तिच्या खिडक्या किती, त्या कुठे लहानमोठ्या होतात, हे सांगता येत नाही. मोजायला लागल्यावरच ती दिसते. महामंडळ वर्षानुवर्षं सांगाडा तेवढा लेलँड किंवा टाटाचा घेत आलं. वरचं धूड दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांमध्ये बांधत आलेलं आहे. मला तरी दोन गाड्या तंतोतंत एका मापाच्या सापडल्या नाहीत. मग खरी कुठली? शेवटी एकच गाडी धरली, तिचा नंबरच लिहून ठेवला.

जुन्या अॅल्युमिनियमच्या गाडीचा जीव तिच्या रिव्हेटांत असतो. पत्र्याच्या जोडावर त्यांच्या रांगाच्या रांगा. खऱ्या रिव्हेटचं डोकं सेंटिमीटरभर. चोवीसनं भागलं की मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. एवढी डोकी एकेक चिकटवत बसणं शक्य नाही. त्यासाठी गजराच्या जुन्या घड्याळातलं दातेरी चाक कामाला येतं. ते काडीला बसवायचं, जाड कागद उलटा करून मऊ रबरावर ठेवायचा आणि पट्टीच्या कडेनं चाक दाबून फिरवायचं. सुलट्या बाजूला फुगीर ठिपक्यांची सरळ ओळ उठते. हात कचरला तर ओळ वाकते आणि पूर्ण पत्रा टाकावा लागतो. खिडक्यांचे गज झाडूच्या काडीचे, वायपर स्टेपलरच्या पिनेचे, बाकी सनबोर्ड.

भागाकाराचं राज्य इथवरच चालतं. रंगापाशी ते संपतं.

खऱ्या गाडीवर अस्तरासकट रंगाची जाडी धरा मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढाच थर नमुन्यावर बसला, तर त्या हिशेबानं खऱ्या बसवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचं लिंपण झालं. रिव्हेट बुजतात, दरवाजाची फट भरून जाते, गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. म्हणून लांबी भरून, पाण्यातल्या पॉलिशपेपरनं घासून, रंग थिनरनं पातळ करून फवारायचा; थर इतके विरळ की पहिल्या दोनांतून खालचं अस्तर दिसलं पाहिजे. आमच्या हवेत हेही सोपं नाही. मे महिन्यात फवारा पृष्ठभागापर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात थिनर उडताना गारवा धरतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि तांबडा रंग धुरकटतो. दिवाळीनंतरच्या सकाळी बऱ्या. त्यात वीज असली तर कॉम्प्रेसर चालतो.

आणि तांबडा तरी कुठला? गाडीवरचाच रंग डबीत मिळवून लावला तरी नमुना काळपट दिसतो. खरी बस आपण दुरून पाहतो, मधल्या हवेनं आणि उन्हानं रंग थोडा विटलेला असतो. हातभर अंतरावरच्या नमुन्याला ते अंतर नसतं. म्हणून जाणते लोक रंगात किंचित पांढरा मिसळतात. म्हणजे खरं दिसण्यासाठी खऱ्यापासून थोडं सरकावं लागतं. मापांच्या बाबतीत मी मिलिमीटर सोडत नाही, इथे मात्र डोळ्यावर विसंबतो.

धुळीचंही तेच. आपली काळी माती तलम कापडातून कितीही गाळा, तिचा कण चोवीसनं बारीक होत नाही. तशीच भुरभुरली तर बसवर खडी टाकल्यासारखी दिसते. म्हणून माती न वापरता मातीचा रंग वापरायचा. परदेशी छंदिष्ट हे काम अप्रतिम करतात, पण गंजाचा सोस त्यांना जरा जास्तच. एसटी अशी मुरत नाही. तिचा चिखल चाकामागे पंख्यासारखा उडालेला असतो, दाराजवळचा दांडा हातांनी घासून चकचकीत झालेला असतो, आणि खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्यांचे ओघळ. ते ओघळ काढायचे की नाहीत, यावर घरात मतभेद झाले. मी काढले. एका सीटवर जागा धरायला खिडकीतून टाकलेला नखाएवढा रुमालही ठेवला. तो पाहून मात्र सगळे एका मताचे झाले.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. घरच्या छंदाचा एवढा व्याप एका माणसाच्या चिकाटीतून होऊ शकतो, हे तिथे गेल्यावर कळतं. रस्त्यावरच्या आपल्या गाड्यांना असं घर मिळालेलं मी पाहिलेलं नाही. अॅल्युमिनियमच्या बसगाड्या जाऊन पोलादी बांधणीच्या आल्या. आधीच्या भंगारात निघाल्या की त्यांची मापं घ्यायला कुठे जायचं? आपल्याकडे जी वस्तू रोजची, ती जपायची असते हे भंगारवाला दारात आल्यावरच आठवतं. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली तेव्हा निदान बातम्या आल्या, लोक निरोप द्यायला जमले. तालुक्याच्या गाडीला तेवढंही मिळत नाही.

सध्या काळी-पिवळी घेतली आहे, स्टँडबाहेर भरणारी जीप. टेप धरायला आता माणसांची ददात नाही. चालकच उत्साहानं मापं सांगतात, आणि आसनक्षमता विचारली की हसतात. पत्र्याचं काम महिनाभरात होईल. अडचण माणसांची आहे. परदेशी खोक्यात फार तर हेल्मेट घातलेला एक चालक मिळतो. मागच्या फळीवर लोंबकळणारे चौघे, टपावरची पोती आणि चालकाच्या उजव्या अंगाला अर्धा बाहेर बसलेला पाचवा यांच्याशिवाय काळी-पिवळी पुरी कशी म्हणायची? त्यामुळे एम-सील आणलं आहे आणि संध्याकाळी माणसं वळायला बसतो. धोतर जमलं आहे. टोपी अजून जाड होते.