बोट आणि बातमी

मोबाईलवर ब्राउझर उघडला की शोधाच्या चौकटीखाली लेखांची एक रांग दिसते. आम्ही ती मागवलेली नसते, तरी प्रत्येक मथळा आमच्यासाठीच छापल्यासारखा वाटतो. शेजारच्या वर्गावरील शिक्षकांच्या फोनवर त्याच वेळी वेगळी रांग असते. स्टाफरूममध्ये एकाच बाकावर बसून आम्ही दोघे दोन वेगळे देश वाचत असतो. या रांगेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्हाला एका मुलीमुळे पडला.

२०२२ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला. १५ मार्चला तेथील उच्च न्यायालयाने वर्गातील बंदी कायम ठेवली. उर्दू शाळेतील शिक्षक म्हणून आम्हाला काळजी वाटणे साहजिक होते. एक बातमी शेवटपर्यंत वाचली, दुसरी उघडली, मग तिसरी. हळूहळू रांगेत दुसरे काही उरलेच नाही. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. आमची एक विद्यार्थिनी उत्तम गुणांनी पास झाली. तिचे वडील रिक्षा चालवतात. ते विचारायला आले, "सर, बेटीला तालुक्याच्या कॉलेजात घालू का? ती बुरखा घालते." आम्ही म्हणालो, "चाचा, सध्या वातावरण बरे नाही. एक वर्ष थांबा."

चाचांनी आमचा शब्द मानला. मुलगी वर्षभर घरी बसली.

ते कॉलेज आम्ही कधी पाहिले नव्हते. तेथील एकाही प्राध्यापकाशी बोललो नव्हतो. आदेश कर्नाटकातला आणि कॉलेज महाराष्ट्रातले, हा साधा भेदसुद्धा सल्ला देताना मनात आला नाही. वाचलेल्या बातम्या खऱ्या होत्या. पण त्यांच्या दाटीतून आमच्याच तालुक्याचे जे चित्र मनात तयार झाले, ते खोटे होते.

ही दाटी कशी होते? क्रोम, एज यांसारख्या ब्राउझरमध्ये अशा शिफारशी असतात. आपण काय शोधले, काय उघडले, कोणत्या विषयाकडे पुन्हा वळलो, याच्या नोंदींवरून पुढची निवड होते. एली पॅरिसर यांनी २०११ साली 'द फिल्टर बबल' या पुस्तकात या धोक्याकडे लक्ष वेधले होते. प्रत्येकाभोवती त्याच्याच आवडीचा बुडबुडा तयार होतो आणि बाहेर काय राहिले ते त्याला कळत नाही. आम्ही यात एक भर घालू. बुडबुडा केवळ आवडीचा नसतो, भीतीचाही असतो. जे वाचून छातीत धडधडते तेही आपण उघडतोच. आवडीने टेकलेले बोट आणि घाबरून टेकलेले बोट यांतला फरक यंत्राला कळत नाही.

आपल्याकडे हदीस स्वीकारण्यापूर्वी ती सांगणाऱ्यांची साखळी तपासतात. रावी कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, सचोटी कशी, हे विचारतात. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्येही आलेल्या खबरीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान होईल आणि मग पस्तावावे लागेल. आम्ही या रांगेचा रावी शोधू लागलो. वार्ताहर होता, संपादक होता, यंत्रही होते. पण साखळीचा शेवटचा रावी आम्हीच निघालो. आम्हीच वाचून यंत्राला शिकवले आणि त्याने दिलेले पुढे चाचांना सांगितले. यंत्राला नियत नसते. सल्ला देणाऱ्याला असते, आणि त्याच्याकडून झालेल्या नुकसानाचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.

मग करायचे काय? साधने हाताशी आहेत. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये प्रत्येक लेखाशेजारी तीन टिंबे असतात. तेथून 'या विषयात रस नाही' किंवा 'या संकेतस्थळाचे दाखवू नका' असे सांगता येते. संपूर्ण रांग बंदही करता येते. गूगल खात्यातील शोधांच्या नोंदी पुसता येतात, त्या ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील अशी सोयही आहे.

पण येथे दुसरा पेच उभा राहतो. आपल्याच लेकींच्या दुःखाच्या बातमीवर 'रस नाही' असे बटण दाबायचे? आमचे बोट तेथे थबकले. दुःखाकडे पाठ फिरवून मिळालेली मनःशांती आम्हाला नको होती. शिवाय याच रांगेतून एका सहकारी बाईंना अपूर्णांक शिकवण्याची सुरेख रीत मिळाली होती, हेही नाकारता येत नाही. बऱ्याच विचारानंतर आम्ही रांग बंद केली, बातम्या नाही. आता वृत्तपत्र घेतो आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, नावडते पानही. हव्या त्या विषयाचा शोध स्वतः घेतो. तेवढ्याने आपण निर्मळ झालो असे मानत नाही. संपादकही निवड करतोच. पण ती निवड शेजारच्या शिक्षकांच्या हातीही तीच पडते, म्हणून तिच्यावर आम्हाला वाद घालता येतो.

एक नियम मात्र स्वतःला घालून घेतला आहे. ज्या सल्ल्याने दुसऱ्याचे आयुष्य वळणार असेल, तो केवळ वाचून द्यायचा नाही. जाऊन, पाहून, विचारून द्यायचा.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही चाचांसोबत त्या कॉलेजात गेलो. फाटकापाशी बुरखा घातलेल्या चार-पाच मुली उभ्या होत्या. कार्यालयातील बाईंनी अर्ज दिला, फी सांगितली, बसची वेळ सांगितली. वीस मिनिटांत काम झाले. बाहेर आल्यावर मुलीने विचारले, "सर, मागच्या वर्षीही असंच होतं का?"

आम्ही म्हणालो, "हो, बेटा. आम्ही विचारलं नव्हतं."