वाढलेला भाव कोणाचा?

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडला गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. आता शहरालगतची जमीन एकरावर नाही, गुंठ्यावर बोलली जाते. भाव अजून किती वाढेल, असं गावाकडे गेलो की मला विचारतात. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: वाढलेला भाव कोणाचा?

२००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भाऊ राबतो म्हणून जमीन त्याची, हे त्याचं समर्थन. पिकापुरतं ते मान्य करू. कापूस घामाने पिकतो, गुंठ्याचा भाव मात्र रेल्वे, रस्ते आणि शहरातली वस्ती वाढवते. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये हेच मांडलं होतं: जमिनीची किंमत समाज वाढवतो, ती मालकाच्या खिशात जाते. मग या वाढीवर माझा हक्क बहिणीपेक्षा जास्त कसा? मी तर कंपनीत कोड लिहितो, शेतात राबतही नाही.

जॉर्जचा युक्तिवाद इथे थांबत नाही. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीनाचाही या वाढीत वाटा निघतो. तो कसा द्यायचा, हे मला सुटलेलं नाही. बहिणीचा हिशेब मात्र सोपा आहे. ती खुशीने सही करते, असं म्हणतात. पण नाही म्हटलं तर माहेर तुटेल, ही भीती असेपर्यंत त्या खुशीला अर्थ नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव राहावं, आणि ती भीती आम्ही भावांनी घालवावी.