गॅरेजमधील अवजारे आणि आनंदांचे उत्तर

 

हिद्दच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. सवलतीत घेतलेली विजेची करवत आणि दोनदाच वापरलेले ड्रिल गॅरेजमध्ये पडून असते. मन म्हणते, कधीतरी लागेल. तण्हा असेच बोलते.

धम्माचा अवजारांना विरोध नाही. भिक्खूच्या अष्ट परिक्खारांत वस्तरा, सुई, पाणी गाळण्याचे फडके आहेच. पण कोसंबीचा राजा उदेन आनंदांना विचारतो: पाचशे चीवरांचे करणार काय? आनंद सांगतात: ज्यांची चीवरे फाटली, त्यांना वाटू. जुन्यांचे पलंगपोस, पुढे पायपुसणी, शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपू. शंकेने आलेला राजा संतुष्ट झाला.

वर्षभर न लागलेले यंत्र या शुक्रवारी बाहेर काढा. सुतारकाम जाणणाऱ्या बांधवाला द्या, चालते आहे तोवर. आणि हो, चार्जरही द्या.