ताबा कोणाकडे?

मननासाठी : लेवीय २५:२३, मत्तय २६:३६-४६, लूक ६:४६



दर रविवारी मिस्सात आपण येशूला 'प्रभू' म्हणतो. प्रभू म्हणजे धनी, मालक. हा शब्द जिभेवर इतका रुळला आहे की त्याचा अर्थ मनाला भिडतच नाही. तोंडाने प्रभू म्हणणाऱ्या, पण त्याचे न ऐकणाऱ्या लोकांना येशूने स्वतःच जाब विचारला होता.

मालकी म्हणजे काय, हे आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणाला शिकवावे लागत नाही. सातबारा काढला की नाव दिसते. पण देव इस्राएल लोकांना सांगतो की जमीन त्याची आहे आणि आपण तिच्यावर राहणारे पाहुणे आहोत. हीच गोष्ट आपल्या शेजारच्या पवनारच्या एका माणसाने गावोगाव सांगितली. विनोबा भावे १९५१ साली धाम नदीकाठच्या आपल्या आश्रमातून पायी निघाले. १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. तेथल्याच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. पुढे तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. देशभरात चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन लोकांनी देऊ केली.

पण ती सगळीच भूमिहीनांच्या हाती पडली नाही. काही जमीन नापीक निघाली. काही ठिकाणी दानपत्रावर सही झाली, पण ताबा सुटला नाही.

बंधुभगिनींनो, आपलेही असेच झाले आहे का? बाप्तिस्म्याच्या दिवशी आपले दानपत्र झाले. चर्चच्या वहीत नोंद आहे. पण ताबा? रविवारचा एक तास आपण देवाला देतो, आणि पैसा, राग, भाऊबंदकीचे वाद, दारूची बाटली हे सुपीक रान स्वतःच कसतो. देवाच्या वाट्याला पडीक तुकडा येतो.

कधी आपण देवाशी सालगड्यासारखा करार करतो. पाडव्याला साल ठरते, तसे आपले चालते : मुलाला नोकरी लागू दे, मी नोव्हेना करीन, पाऊस पडू दे, मी मेणबत्ती लावीन. साल संपले की हिशेब, आणि पटले नाही तर दुसरा मालक! पवित्र मरियेने देवदूतापुढे अट घातली नाही. तिने प्रश्न जरूर विचारला, पण होकार मात्र पूर्ण दिला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. देवाला शरण जाणे म्हणजे परिस्थितीपुढे हात टेकणे नव्हे. नापिकी, कपाशीचा पडलेला भाव, डोक्यावरचे कर्ज यांनी आपल्या भागातील कितीतरी घरांतला कर्ता माणूस हिरावून नेला. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचे पॅकेज दिले, त्यांत आपला वर्धा होता. म्हणून आपण ठामपणे म्हणू या : कर्ज आपला प्रभू नाही. बँक पैसे मागू शकते, सावकार पैसे मागू शकतो. जीव मागण्याचा हक्क कोणालाही नाही. तो जीव ख्रिस्ताच्या नावावर आहे.

गेथशेमानी बागेत येशूने आपले दुःख लपवले नाही. प्याला टळावा अशी त्याने पित्याला विनवणी केली. मित्रांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. त्यानंतर त्याने स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवले. रडणे, सांगणे, सोबत मागणे हेही समर्पणच आहे.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. आजवर देवापासून राखून ठेवलेली एक गोष्ट प्रार्थनेत नाव घेऊन त्याच्या स्वाधीन करू या. आणि आपल्या वस्तीत ओझ्याखाली गप्प झालेल्या एखाद्या घरी जाऊन घटकाभर बसू या. त्याचे मित्र झोपी गेले होते. आपण जागे राहू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमचे घर, शेत, कष्ट आणि काळज्या तुझ्या आहेत. आज आम्ही नुसते नाव नव्हे, तर ताबाही तुझ्याकडे देतो. आमेन.