सतराव्या पानावरचं तिकीट

रविवारी रात्री पावणेदहाला तुझा फोन आला. "बाई, सगळा शनिवार-रविवार वाया गेला, टीव्हीवर काही म्हणजे काही धड नव्हतं," असं म्हणालास आणि वर हसलास. शेजारी तुझी लेक जागी होती, तिचा आवाज मला येत होता. लेकीदेखत बापाला बोलू नये म्हणून मी दोन शब्दांत फोन ठेवला. पत्रात बोलायला मला कुणाची आडकाठी नाही. बसून वाच, मध्ये उठू नकोस.

वाया गेला म्हणजे काय रे? कुणी घालवला? दोन दिवसांचा हिशेब तूच मला दिलास. शनिवारी दुपारी एक सिनेमा, जो तू आधी चारदा पाहिला आहेस. संध्याकाळी गाण्याची स्पर्धा, तिच्यात गाणं थोडं आणि परीक्षकांचं डोळे पुसणं फार. रविवारी तुमच्या त्या मालिकेचा दोन तासांचा महाएपिसोड. आठवडाभर ज्या लग्नाचा गाजावाजा केला, ते लग्न शेवटच्या घटकेला अडलं आणि पुढचं उद्यावर गेलं. तुझ्या तोंडाला पानं पुसली. गेल्या महिन्यातही पुसली होती, तेव्हाही तू मला असाच फोन केला होतास. एकदा फसतो त्याला आपण अजाण म्हणतो. दर रविवारी त्याच जागी, त्याच सोफ्यावर, त्याच रीतीनं फसतो त्याला काय म्हणायचं ते तूच सांग.

तू हिशेबाचं काम करतोस, म्हणून हिशेबानंच सांगते. तासाला बारा मिनिटं जाहिरातींची मुभा नियमानं दिलेली आहे. म्हणजे दोन तासांत चोवीस मिनिटं. चोवीस मिनिटांत तुझ्यासारखा माणूस सावकाश वाचत गेला तरी पंधरा पानं वाचतो. बाकीच्या वेळात एकच चेहरा तीन-तीनदा दाखवतात, दार उघडायला पाव मिनिट लावतात. हे त्यांच्या हातून चुकून होत नाही. माणसं किती वेळ पडद्यासमोर राहिली यावर टीआरपी ठरतो आणि टीआरपीवर जाहिरातीचा भाव. लग्न पहिल्या पाच मिनिटांत लागलं तर तू उठून जाशील, म्हणून ते लागत नाही. तुला बसवून ठेवणं हाच त्यांचा धंदा आहे आणि त्यात ते वाकबगार आहेत. ते त्यांचं काम चोख करताहेत. तू तुझं करत नाहीस.

मला टीव्हीचं वावडं नाही, हे तुला ठाऊक आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्याकडे संच यायला पुढे बरीच वर्षं गेली. १९८८ साली श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली, तेव्हा नववीच्या वर्गाला मी ती बघून यायला सांगायचे, ज्याच्या घरी संच नाही त्याला शेजाऱ्याकडे बस म्हणायचे. तिचे ५३ भाग, आणि त्यामागे नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत बसून लिहिलेलं पुस्तक. त्याआधी दूरदर्शनवर चिमणराव आला तोही चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून आला. चांगलं काही असेल तर खुर्ची ओढून बघ, मी तुला अडवणार नाही. पण वाईट आहे हे तुला शनिवारी दुपारीच कळलं होतं. कळूनही रविवारी रात्रीपर्यंत तू तिथंच बसलास. माझा राग त्यावर आहे. नाचता येईना आणि अंगण वाकडं म्हणतोस.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत तुझ्या घरी आले होते. तुझ्या बायकोनं अगत्यानं सगळं घर दाखवलं. हॉलमध्ये भिंतभर पंचावन्न इंची टीव्ही, त्याच्या शेजारी काचेचं कपाट, कपाटात ट्रॉफ्या, एक पितळी हत्ती, आणि हत्तीच्या मागे उभं केलेलं एक बारकं पुस्तक. मी ते काढलं. माडगूळकरांची 'बनगरवाडी'. दहावीच्या निरोपसमारंभाच्या दिवशी मी तुला दिलेली प्रत, पहिल्या पानावर माझं अक्षर. पुस्तक आपोआप सतराव्या पानावर उघडलं, कारण तिथं एसटीचं तिकीट होतं. विट्याहून पुण्याला पहिल्यांदा गेलास त्या दिवसाचं. शाई फिकट झाली होती आणि तिकिटाच्या आकाराचा पिवळा डाग पानावर उमटला होता. मी काही न बोलता पुस्तक होतं तसं हत्तीमागे ठेवलं. पाहुणी म्हणून आले होते, म्हणून गप्प बसले. ती चूक झाली. त्याच दिवशी बोलायला हवं होतं.

पुस्तक कपाटात आहे. सोफ्यापासून कपाट चार पावलांवर आहे. आणि तू मला फोन करून सांगतोस की दोन दिवस काही धड मिळालं नाही! आळशाला गंगा दूर, हे फळ्यावर लिहून त्याचा अर्थ मी तुलाच विचारला होता. तू बरोबर सांगितला होतास.

सतराव्या पानापर्यंत मास्तर जेमतेम वाडीत पोचलाय. पुढे काय आहे ते तू विसरलास, म्हणून तुला त्याची भूकही नाही. पुढे शेकू आहे. पेरणीचे दिवस आलेत आणि त्याच्याकडे बैल एकच आहे. दुसरा मिळत नाही. वाफसा निघून चाललाय. तेव्हा त्याची बायको येऊन जुवाची दुसरी बाजू आपल्या खांद्यावर घेते. एका बाजूला बैल, एका बाजूला बाई. माडगूळकरांनी तिथं टाहो फोडलेला नाही की वाजंत्री वाजवलेली नाही. साध्या वाक्यांत सांगून ते पुढे जातात. तीस वर्षं मी तो भाग वर्गात वाचून दाखवला, आणि दरवर्षी तिथं आल्यावर मला पुस्तक खाली धरून क्षणभर थांबावं लागायचं. वर्गात चिडीचूप. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा.

तू त्या बाकांवर होतास. तुझा आजा धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मुलूख सोडायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. तुझी आजी खांद्यावरचा घट्टा दाखवत मला म्हणाली होती, "बाई, ह्यो मोटंचा न्हवं, जुवाचा हाय." मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. ज्या माणदेशात आपण जन्मलो, ज्याच्या कुसळांनी आपले पाय फाटले, त्या मुलखातल्या तुझ्या माणसांवर एका माणसानं १९५५ साली पुस्तक लिहून ठेवलं. तो माणूस माडगुळ्याचा, म्हणजे आपल्या शेजारचा. आणि तू ते हत्तीच्या पाठीमागे ठेवून कुठल्याशा श्रीमंत घरातल्या सासवा-सुनांची भांडणं दोन तास बघत बसतोस. तुझ्या आजीची गोष्ट तुझ्या घरात आहे आणि तुला ती आठवत नाही. याची मला चीड येते, आणि खरं सांगू, वाईटही वाटतं.

दुसऱ्या कुणाला मी एवढं बोलले नसते. शाळेच्या ग्रंथालयाची ती लोखंडी पेटी आठवते? तिची किल्ली दोन वर्षं तुझ्याकडे होती. करदोड्याला बांधून फिरायचास. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायला मैद्याची खळ घरून करून आणायचास. वहीत नाव, तारीख, पुस्तकाचा नंबर लिहून घेतल्याशिवाय मलासुद्धा पुस्तक द्यायचा नाहीस. दुपारच्या सुट्टीत पेटीवर बसूनच वाचायचास, डबा विसरायचास. त्या पोराला मी 'बनगरवाडी' दिलं होतं. तो पोरगा कुठं गेला, हे मला तुला विचारायचं आहे.

तू म्हणशील, बाई, आठवडाभर दमतो. दमतोस, मला मान्य आहे. कचेरीत दहा तास, वर येण्या-जाण्यात दीड तास, कर्जाचे हप्ते, आईचं दुखणं. तुझी मला काळजी नाही असं समजू नकोस. पण दमलेल्या माणसाला विसावा लागतो. दोन दिवस टीव्हीसमोर बसून तुला विसावा मिळाला का? पावणेदहाला तुझा आवाज मी ऐकला. तो विसावलेल्या माणसाचा आवाज नव्हता. वैतागलेला होता, आणि सोमवारच्या धास्तीचा होता. मन लावून तासभर वाचलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे, पेटीवरून उठून वर्गात येताना तुझाच ऐकलाय.

पुस्तकं महागली हे कारण तर पुढे करूच नकोस. तू ज्या शहरात राहतोस तिथं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. इंग्रजी अमलात, पेशवाई जाऊन तीस वर्षं झाली तेव्हा लोकांनी ते उभं केलं. रत्नागिरीकरांनी तर त्याच्याही वीस वर्षं आधी. १९६७ साली राज्यानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यातून गावोगावी वाचनालयं झाली, आपल्या गावातही झालं. तिथल्या ग्रंथपालाला किती तुटपुंजा पगार मिळतो हे मी जवळून पाहिलंय. तरी तो रोज संध्याकाळी दार उघडून, ट्यूब लावून, कुणी येईल म्हणून बसतो. महिनाभराची वर्गणी तुमच्या एका पिझ्झ्याइतकीही नसते. दार उघडं आहे, आत जाणारा पाहिजे.

आणि लेकीचं. तू दिवाळीत माझ्याकडे तक्रार केलीस की पोरगी पुस्तक हातात धरत नाही, नुसता मोबाइल मागते. तिच्यादेखत केलीस, तेही मला आवडलं नाही. आठ वर्षांच्या पोरीनं तिच्या जन्मात बापाच्या हातात पुस्तक कधी पाहिलं? रिमोट पाहिला, फोन पाहिला. जे बघते ते करते. तिला बोल लावायचा तुला अधिकार नाही. मी घरात शिरले तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून पितळी हत्तीशी खेळत होती. त्या हत्तीमागे काय आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

शनिवारी जेवणं झाल्यावर टीव्हीची वायर भिंतीतून काढ. नुसता बंद करून भागायचं नाही, तुझा हात मला माहीत आहे. पुस्तक काढ. तिकीट फेकू नकोस, पण ते सतराव्या पानावरही ठेवू नकोस. पहिल्या पानापासून सुरुवात कर, आणि मोठ्यानं वाच. लेक कळलं नाही म्हणेल. जू म्हणजे काय, वाघर म्हणजे काय, रामोशी कोण, विचारेल. तुला सांगता आलं नाही तर आईला हाक मार. ती आतल्या खोलीत एकटी पडून असते, तिला हे सगळं येतं. पुस्तक दीडशे पानांच्या आसपास आहे. दोन दिवसांत होतं. झोपेतून वेळ काढायची गरज नाही, सिनेमा, गाण्याची स्पर्धा आणि महाएपिसोड यांचा वेळ पुरे.

रविवारी रात्री पावणेदहाला मीच फोन करीन. टीव्हीवर काय होतं ते सांगू नकोस. मी दोनच गोष्टी विचारणार आहे. कारभारी मास्तरावर का बिघडला? आणि शेकूच्या बायकोनं जू खांद्यावर घेतलं ते वाचताना तुझी आई काय म्हणाली?